रुमालाखालची रोपं

मुरूम गावच्या बाजारात चाचांना वय विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढायचे, विचारणाऱ्याच्या हातावर टाकायचे आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबायला लागायचे. दाबून झाली की रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर. विचारणारा हुशार असला तर त्याला वय कळायचं, नसला तर नुसतीच बोटं दुखायची. मी बाईमाणूस, त्यामुळं माझी तीही सोय नव्हती. चाचांचं वय मला आजतागायत माहीत नाही.

ते आडत बाजारात दलाल होते. त्या काळी तुरीचा, करडीचा, शेंगांचा भाव तिथं तोंडानं ठरत नसे. दलाल रुमाल धरायचा, खरेदीदार एकेक करून रुमालाखाली हात घालायचे आणि बोटांनी बोलायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पाचही धरली की पाच. पुन्हा दाबलं की त्यात भर. याला हत्ता म्हणायचे. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कुणी कितीला माल मागितला ते फक्त दोन हातांना ठाऊक. बाकीचे दलाल बाजार उठला की त्याच रुमालानं घाम पुसायचे आणि चारचौघांसारखे बोलायला लागायचे. चाचांनी मात्र हत्ता घरी आणला होता, दवाखान्यात नेला होता, मशिदीच्या पायरीवरही नेला होता. आकडा म्हणून त्यांनी उभ्या जन्मात तोंडातून काढला नव्हता.

"आकडा तोंडातून निघाला की त्याला हवा लागती, बाई," ते मला समजावून सांगायचे. "हवा लागली की बरकत गेली. तुमी गूळ उघडा ठिवता का?"

मी गूळ उघडाच ठेवायची, पण ते सांगून उपयोग नव्हता.

आकड्यावाचून माणूस जगतो कसा, हे बघायचं असेल तर चाचांकडं बघावं. वेळ सांगायची तर "उन्हं कलल्यावर" किंवा "दिवे लागायच्या आत". जेवताना "आणखी" आणि "बास" एवढ्या दोन शब्दांवर भाकरीचा हिशेब. एकदा त्यांना हगवण लागली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं विचारलं, किती वेळा झाली. चाचांनी तशा अवस्थेतही रुमाल काढला. चार दिवस औषध चाललं आणि चार दिवसांत तो कंपाउंडर हत्ता शिकला. पुढं दवाखाना सोडून तो आडतीवर लागला आणि चांगला कमावता झाला, तेव्हा त्याच्याबद्दल हळहळायचं कारण नाही.

उमरग्याच्या गाडीत घडलेला प्रकार मी स्वतः पाहिलाय. कंडक्टर नवा होता, बाहेरच्या जिल्ह्यातला. त्यानं "किती तिकिटं?" म्हणून विचारलं आणि चाचांनी त्याच्या हातावर रुमाल टाकला. आपला हात कुणीतरी फडक्याखाली धरून दाबतंय म्हटल्यावर तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, पैशाची पिशवी चालली. त्यानं घंटा मारली आणि गाडी ज्वारीच्या रानात उभी राहिली. सगळी गाडी त्याला समजवायला लागली. शेवटी मागच्या बाकावरचा एक शेतकरी चाचांबरोबरची माणसं मोजून वैतागून ओरडला, "आरं, तीन म्हनत्यात त्ये, तीन."

चाचांनी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. "म्या तोंड बंद ठिवून सौदा करतोय, आन् तू फोडतोस व्हय?" एवढं बोलून ते उमरगा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना त्या शेतकऱ्याचा रामराम त्यांनी घेतला नाही.

माझी आणि त्यांची ओळख त्यांच्या नातीमुळं झाली. मी धाराशिवची. मुरूमच्या कन्याशाळेत सातवीला शिकवायला म्हणून आले, तेव्हा नोकरीही कोवळी होती आणि माझा रागही कोवळा होता, म्हणजे लगेच फुटायचा. तिसऱ्या वर्षी ही मुलगी माझ्या वर्गात आली, तोवर राग काही जुना झाला नव्हता. ती पाटीवर गणितं धडाधड सोडवायची, आणि पाढे म्हण म्हटलं की जमिनीकडं बघत उभी राहायची. मला वाटलं, मुद्दाम करते. एक दिवस मी छडी उगारली आणि विचारलं, "सात चोक?" तिनं ओढणीखालून हात पुढं काढला, माझी बोटं धरली आणि पाच-पाच करत पाच वेळा दाबली, वर तीन बोटं वेगळी दाबली. अठ्ठावीस बरोबर होते. मी छडी खाली ठेवली. त्यानंतर वर्षभर तिची तोंडी परीक्षा ओढणीखाली झाली. कागदावर मी "तोंडी : उत्तम" असं लिहिलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला मुलांच्या शाळेत जावं लागायचं आणि तिथं मुलींना कुणी पाठवत नसे. सातवी झालेली मुलगी वर्षभर घरी भाकरी थापायची आणि पुढच्या उन्हाळ्यात मांडवात बसायची. मी तसल्या मांडवांत जेवूनही आले होते. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी मुंडावळ्या बांधून बसलेली आणि मी पंगतीत बुंदी खातेय, याचा मला फार राग यायचा. कुणावर काढावा ते मात्र कळायचं नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात चुणचुणीत दहा मुली होत्या, त्यांत ही नात. तपासणीला साहेब आले तेव्हा मी आठवीचा हट्ट धरला. हे साहेब पुण्याकडचे. आमचा मुलूख निजामाकडून हैदराबादेत, हैदराबादेकडून मुंबईत गेला, त्या फिरवाफिरवीत ते आमच्या वाट्याला आले होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. शाळेमागं एक खोली अर्धवट बांधून पडली होती. भिंती होत्या, वर आभाळ. साहेब म्हणाले, "जूनपर्यंत या खोलीवर पत्रे घाला आणि पटावर दहा मुली दाखवा. दहाला एक कमी चालणार नाही. मग आठवी देतो, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी या दहांपैकी किती जणी शिल्लक राहतील, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पत्र्यांसाठी वर्गणी मागायची तर पावतीपुस्तक दिसलं की गावातली दारं लागायची. म्हणून मी रोपं विकायची ठरवली. दिवाळीपासून मुलींनी घराघरांतून बिया आणल्या, फांद्या आणल्या. तुपाचे रिकामे डबे, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, जे मिळेल त्यात मोगरा, जुई, लिंबू, पपई, कढीपत्ता, डाळिंब असं सगळं लावलं. आडाचं पाणी दहा जणींनी पाळ्या लावून घातलं. संक्रांतीनंतर रोपं अशी तरारली की मला रस्त्यानं चालताना डोक्यावर पत्रे दिसायला लागले.

बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर विक्री मांडली. प्रत्येक रोपाला सुबक अक्षरात चिठ्ठी लावली : चार आणे, म्हणजेच पंचवीस नवे पैसे. निजामाचा हाली शिक्का जाऊन सरकारी कलदार रुपया आलेला लोकांच्या अंगवळणी पडतोय तोवर त्यात नवे पैसे आले होते. लोक यायचे, चिठ्ठी वाचायचे, आण्याचे किती नवे पैसे यावर भांडायचे आणि निघून जायचे. संध्याकाळपर्यंत एक रोप गेलं नाही. म्हणजे विकलं गेलं नाही. तीन चोरीला गेली आणि एक पपई शेळीनं खाल्ली. शेळीची मालकीण उलट मलाच बोलली, तिच्या शेळीचं पोट बिघडलं म्हणून.

"झाडाला पैशे?" एक आजीबाई माझी कीव करत म्हणाल्या. "माझ्या परसात ये गं पोरी, तुला लागंल तेवढ्या फांद्या फुकट देते."

मी ओसरीच्या पायरीवर डोकं धरून बसले. तेवढ्यात नातीला न्यायला चाचा आले. रोपांकडं बघितलं, चिठ्ठ्या बघितल्या आणि पटकन तोंड फिरवलं. एखाद्याच्या घरात चुकून नको त्या वेळी शिरल्यावर माणूस फिरवतो, तसं.

"बाई," ते भिंतीकडं बघत म्हणाले, "भाव उघड्यावर लिवलाव?"

"न लिहिता लोकांना कळणार कसा?"

"कळायला कशाला पायजे? कळलं की संपलं. मानूस मालासाठी येत न्हाय, बाई. शेजाऱ्यानं केवढ्याला मागितला त्ये कळंना म्हनून येतो." त्यांनी एकेक चिठ्ठी काढून खिशात घातली, बहुतेक दफन करण्यासाठी. "येत्या बाजाराला म्या रुमाल धरतो. तुमी निस्तं पानी घालत ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी ते पोत्यातलं धान्य तपासायची लोखंडी नळी घेऊन आले. ती त्यांनी प्रत्येक डब्यात खुपसली, माती तळहातावर घेतली, हुंगली, बोटांत चोळली. "वल हाय." "ह्यो माल दमट हाय." "ह्येला उन्हात पसरा." मी म्हटलं, चाचा, ही तूर नव्हे, मोगरा आहे. ते म्हणाले, "माल त्यो माल."

पण एक अडचण होती. झाडं लावणार बायका, आणि चाचा बायकांचा हात रुमालाखाली धरणार कसा? बायकांच्या बाजूला रुमाल मीच धरायचा असं ठरलं. नातीच्या पाढ्यांपुरतं मला येत होतं, पण सौद्याचा हत्ता शिकायला हवा, आणि शिकवायचं तर चाचांना माझा हात धरावा लागणार. यावर दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. त्यांच्या घरच्या ओसरीवर तिघं ओळीनं बसलो : चाचा, मध्ये चाची, पलीकडं मी. एका रुमालाखाली चाचा चाचींची बोटं दाबायचे, दुसऱ्या रुमालाखाली चाची माझी दाबायच्या. मी चुकले की चाची चाचांची बोटं दाबून कळवायच्या, आणि चाचा त्यांना पुन्हा दाबायचे. असा तीन दिवस वर्ग चालला. जाणारे-येणारे आमच्याकडं बघून सावकाश चालायचे.

चाचांनी घरी हत्ता शिकवला होता तो फक्त नातीला. चाचींना चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं धंद्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी शिकवणी संपल्यावर त्या हात चोळत म्हणाल्या, "येवढंच हाय व्हय? मला वाटलं, कायतरी लई मोटी विद्या असंल. बोटंच तर हायती."

तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापेक्षा तरबेज झाल्या. चौथ्या दिवशी चाचा शाळेत आले ते तक्रार घेऊनच. सकाळी बाजारखर्चाचे पैसे देताना चाचींनी त्यांच्या हातावर पदर टाकला होता आणि रोजच्यापेक्षा चांगला चढा भाव मागितला होता. नवऱ्यानंच घातलेल्या रीतीप्रमाणं एकदा दाबलेलं मोडता येत नव्हतं. "तुमच्या शाळंपायी घरातला बाजार चढला, बाई," ते म्हणाले आणि बराच वेळ उगाच पपईच्या डब्यात नळी खुपसत बसले.

बाजाराचा दिवस उजाडला. पुरुष ओसरीवर, बायका मागच्या बिनपत्र्याच्या खोलीत. चाचांनी रोज घालतात ती टोपी न घालता ईदची घातली होती. उभ्या आयुष्यात ज्यांनी झाडाकडं सावलीपुरतंच बघितलं होतं, असे आडते न् व्यापारी ओसरीवर दाटले, कारण शाळेत हत्ता आहे ही बातमी सगळीकडं झाली होती.

"ह्यो लिंबू," चाचांनी डबा उचलला. "लिंबू म्हंजे लिंबूच. तुमी त्येचं काय करनार त्ये मला सांगू नगा, म्या केवढ्याला दिला त्ये तुमाला सांगत न्हाय. आण्यात. घाला हात."

'आण्यात' आणि 'रुपयात' हे शब्द त्यांना चालायचे, त्यांच्या मते ते आकडे नव्हते. एकेक जण हात घालू लागला. भुसाराच्या दोन व्यापाऱ्यांचं आपसांत वर्षानुवर्षं पटत नव्हतं. ते दोघं कढीपत्त्याच्या एका वीतभर रोपावर असे अडून बसले की एकानं हात काढला की दुसरा घालायचा. चाचा दोघांकडं सारख्याच मायेनं बघायचे. ते रोप शेवटी कितीला गेलं ते मला कळलं नाही. पण ज्यानं नेलं त्यानं दारात लावून भोवती तारेचं कुंपण घातलं आणि कुंपणाला कुलूप लावलं, एवढं मी पाहिलंय. आमटीला पानं हवी असली की त्याची बायको किल्ली मागायची.

आत माझ्याकडं वेगळंच चाललं होतं. मी मुलींनी भरलेला टेबलक्लॉथ हातावर टाकून बसले होते. आधी बायका लाजल्या. मग एका सुनेनं, सासू शेजारी उभी असताना, मोगऱ्यासाठी हात घातला. सासू म्हणाली, "दोन आन्याच्या वर जाऊ नगंस." सून "व्हय जी" म्हणाली आणि टेबलक्लॉथखाली तिनं माझी आधी पाच, मग तीन बोटं दाबली, म्हणजे आठ आणे. माझ्या लक्षात आलं, या बाईनं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काहीतरी विकत घेतलं आहे. मी चेहरा हलू दिला नाही. मोगरा तिला दिला. हे बाकीच्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर नुसती झुंबड उडाली. एक कानडी बाई भाव वाढवताना माझी बोटं दाबायच्या ऐवजी चिमटे काढायची आणि दर चिमट्याला "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे, असं मलाच बजावायची. एक म्हातारी पपईचा सौदा झाल्यावरही हात सोडेना. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, मुलाच्या न येणाऱ्या पत्राबद्दल सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "लई दिस झालं कुनी हात धरून." तिला मी पपईबरोबर एक डाळिंब तसंच दिलं, आणि हे चाचांना कधी सांगितलं नाही.

दुपारी साहेब आले. ते गावात दुसऱ्याच कामाला आले होते. गर्दी बघून आत शिरले. कोट, बूट, हसरा चेहरा. चाचांना आनंद झाला. त्यांनी सगळ्यांत सुंदर जुईचं रोप बाजूला ठेवलं होतं, ते पुढं केलं, "रुपायात" असं म्हणाले आणि साहेबांच्या हातावर रुमाल टाकला. साहेबांना दिसलं ते एक म्हातारा स्वागताला हात पुढं करतोय एवढंच. त्यांनी साहेबी रीतीनं चाचांचा पंजा घट्ट धरला आणि मनापासून तीनदा हलवला.

पाच, पाच आणि पाच.

चाचांनी रुमाल काढला, खांद्यावर टाकला आणि जुईचा डबा साहेबांच्या कडेवर दिल्यासारखा दिला. "सौदा झाला," ते म्हणाले. साहेबांना ती भेट वाटली. त्यांनी गावच्या अगत्याबद्दल, स्त्रीशिक्षणाबद्दल आणि फुलझाडांबद्दल छोटंसं भाषणही केलं. भाषण संपल्यावर आमचा शिपाई, जो मुरूमचाच होता, त्यांच्या कानाला लागला.

"पंधरा रुपये?" साहेब केवढ्यांदा तरी म्हणाले.

चाचांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अहो, मी फक्त हात मिळवला."

"साहेब," चाचा अगदी नम्रपणे म्हणाले, "रुमालाखाली हात घालून कुनी खुशाली इचारत न्हाय."

साहेबांनी भोवताली बघितलं. सगळा आडत बाजार उभा होता, आणि रुमालाखालचा सौदा मोडणाऱ्याकडं तो बाजार कसा बघतो हे त्यांना त्या क्षणी न सांगता कळलं असावं. त्यांनी पाकीट काढलं. जुईचा डबा कोटाला लागू नये म्हणून हात लांब करून ते जीपकडं गेले. पत्र्यांचे पैसे जमले होते, पण आठवी ज्यांच्या सहीनं मिळायची त्यांनाच आम्ही जुई विकली होती.

त्या दिवशी चाचांनी सगळे पैसे रुमालात बांधून माझ्यापुढं ठेवले. "मोजा," ते म्हणाले, "पर मनात."

अक्षय तृतीयेच्या आत उमरग्याहून बैलगाडीनं पत्रे आले. सुतारानं ते ठोकले तेव्हा त्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. नऊ मुलींच्या घरी जाऊन मी नावं पक्की केली. दहावी होती ती नात. तिचा बाप स्थळं बघत होता. मी चाचांना विचारलं तर ते म्हणायचे, "पत्रे पडू द्या, मग बघू." पत्रे पडले तर म्हणायला लागले, "शाळा उघडू द्या, मग बघू." शेवटी मी चाचींना गाठलं. चाचींनी हातावर पदर टाकून नवऱ्याला काय दाबलं ते मला माहीत नाही, पण शाळा उघडली त्या सकाळी चाचा नातीला घेऊन फाटकाशी उभे होते. तिच्या हातात नवी वही होती.

त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी पत्रे पाहिले, भिंतीला हात लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या जुईला अजून एक कळी नाही." मी म्हटलं, येईल. ते म्हणाले, "पाहू." आणि मुलींना ओळीत उभं करून त्यांनी कवायतीतल्यासारखं मोजायला सांगितलं. प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा.

"एक." "दोन." "तीन." मुली खणखणीत म्हणत गेल्या. "आठ." "नऊ."

पुढं आकडा आलाच नाही. नात जमिनीकडं बघत होती. वर्षभर मीच तिला ओढणीखाली पास केलं होतं.

"पुढची?" साहेब म्हणाले.

तिनं ओढणीखालून हात साहेबांच्या दिशेनं पुढं केला.

साहेब दचकून दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. "नाही," ते म्हणाले. "पुन्हा नाही. तोंडानं सांग."

तिनं हात पुन्हा ओढणीत घेतला. साहेब माझ्याकडं वळले. "बाई, ही बोलत नाही का? आठवीला तोंडी परीक्षा असते. बोलतच नसेल तर मी हिला पटावर कशी धरू? मग नऊच होतात." त्यांनी पेन बाहेर काढलं, ते मात्र झाकणासकट.

मी फाटकाकडं बघितलं. चाचांचा हात खांद्यावरच्या रुमालाकडं गेला होता. पण तिथून इथपर्यंत कुणाची बोटं पोचणार होती? त्यांनी रुमाल काढला, त्याची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि तो काखेत धरला. मग त्यांनी घसा खाकरला. इतकी वर्षं आत ठेवलेली वस्तू सहजासहजी बाहेर निघत नव्हती.

"धा," चाचा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण शिपायाच्या हातातली घंटा खाली पडली. रस्त्यानं जाणारा एक आडत्या सायकलवरून उतरला आणि तिथंच उभा राहिला.

"बोल बेटी," चाचा म्हणाले. "भिऊ नक्को. हवा लागू दे. धा."

"दहा," नात म्हणाली. त्या मुलीचा आकडा म्हणतानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चांगला स्वच्छ होता. साहेबांनी पेनाचं झाकण काढलं आणि उभ्या उभ्या सही केली. मी वळून बघितलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

त्या वर्षी तुरीचा भाव पडला. माझी बदली होईपर्यंत चाचा त्याचा दोष मला देत राहिले, आणि मीही तो निमूटपणे घेत राहिले. पत्रे तापायचे, पावसात त्यांच्या आवाजानं शिकवता यायचं नाही, पण खालच्या दहाही मुली आठवी झाल्या. चाचांनी त्यानंतर पुन्हा कधी आकडा उच्चारला नाही.

पण त्या दिवसाचं एक राहिलंच. शाळा सुटल्यावर चाची आल्या. पदराखाली उजवी मूठ घट्ट मिटलेली. म्हणाल्या, "ह्यांनी धाडलंय. वाटंत कुटं उघडू नगंस म्हनले." त्यांनी माझ्या हातावर पदर टाकला आणि माझं एक बोट धरलं. फक्त एक. धरून जरा जास्तच जोरानं दाबलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. एकदा. जन्मात एकदाच, आणि तेही तुमच्या शाळेपायी.

मी पदराखालीच चाचींचे दोन्ही हात धरले, दहाची दहा बोटं दाबली आणि म्हटलं, हे त्यांना पोचवा.

"येवढं?" चाची म्हणाल्या. "वाटंत सांडंल की."

पण त्यांनी दोन्ही मुठी मिटल्या, पदराखाली घेतल्या आणि तशाच सबंध बाजारातून, कुणाच्या सलामाला हात न उचलता, घरी गेल्या.